रिॲलिटी शोचा एक भाग पोरांसमोर उसवायचाय, नेमकं काय काय बघायला लावू?

ग्रंथमित्र (परभणी)

आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकरावी-बारावीच्या पोरापोरींचा चर्चागट बसतो. पंचवीसेक जण असतात. या खेपेला विषय त्यांनीच दिलाय : रिॲलिटी शो खरे का खोटे. त्यावरून आधीच दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळं लिहून दिलेलं असतंय, दुसरा म्हणतो चोवीस तास एवढं सोंग कोणाला वठवता येतंय का. पुरावा दोघांकडंही नाही, आवाज मात्र दोघांचाही मोठा.

भाषण द्यायचं नाही असं ठरवलंय. एक तुकडा पडद्यावर लावायचा अन् त्यांनीच तो टाका टाका उसवून बघायचा. प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप आहे, वेळ दीड तास. घरातल्या भांडणाचा, म्हणजे 'बिग बॉस'सारखा, शो घ्यावा का गाण्याचा? तुकडा किती मिनिटांचा? मोजायचं काय? आणि खोटं आहे हे ठाऊक असून घरोघरी लोक जेवणाचं ताट घेऊन टीव्हीपुढं बसायलेत ते कशामुळं, यावर 'टाइमपास' याच्यापुढं कोणी काही सांगू शकेल का? गटातल्या दोन पोरींना गाण्याच्या ऑडिशनला जायचंय. त्यांच्या आयांना काय सांगावं तेही कळवलं तर बरं.

कात्री_डिंक (छत्रपती संभाजीनगर)

सर, आधी 'स्क्रिप्टेड' हा शब्द फळ्यावर लिहा अन् त्याचे दोन भाग करा. संवाद लिहून देणं वेगळं, परिस्थिती लिहून देणं वेगळं. घरातल्या शोला संवाद लिहायची सहसा गरजच पडत नाही. समजा, सोळा माणसं कोंडली, पलंग चौदाच ठेवले, घड्याळ-फोन-पेपर काढून घेतले, चहा-साखर मोजून दिली, आणि ज्या दोघींचं काल वाजलंय त्यांनाच आज स्वयंपाकाची ड्युटी लावली. टास्कचा एखादा नियम मुद्दाम दोन अर्थांचा ठेवला. एवढं लिहून झालं की पुढचं माणसं आपसूक बोलतात. त्यामुळं तुमचे दोन्ही तट निम्मे निम्मे बरोबर आहेत.

मग पोरांना हिशोब मांडायला लावा. दिवसाची मिनिटं १,४४०. माणसं १६, म्हणजे २३,०४० माणूस-मिनिटं. टीव्हीवर जागा एका तासाची. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती आणि चॅनलचे स्वतःचे प्रोमो, म्हणजे उरली ४८. त्यातून 'काल आपण पाहिलं', शीर्षकगीत, 'थोड्याच वेळात' आणि ब्रेकनंतर तेच पुन्हा, हे वजा केलं की हाती चाळीसेक मिनिटं राहतात. घरात एकच माणूस असता तरी ते दिवसाच्या तीन टक्क्यांच्या आतच आहे. इथं तर सोळा जण पाच-सहा ठिकाणी विखुरलेले. एवढ्या ढिगातून चाळीस मिनिटं उचलायची म्हटल्यावर खोटं रचायची वेळच येत नाही, नुसतं वेचलं तरी भागतं.

वेचणी अशी होते. कंट्रोल रूममध्ये पाळीपाळीनं लॉगिंगवाली, म्हणजे नोंदी ठेवणारी, पोरं बसतात. टाइमकोड (चित्रीकरणातली नेमकी वेळ), कोण, कुठं, काय, एका ओळीत : 'बाग, अमुक रडतेय, तमुक समजावतोय'. स्टोरीवाले त्या नोंदींतून दिवसाचे तीन-चार धागे धरतात. एडिटर त्या धाग्यांवर कच्ची जुळणी लावतो, ती कापत कापत वेळेत बसवतात, शेवटी संगीत. धाग्यात न बसणारं, उदाहरणार्थ भांडणानंतर तासाभरानं त्याच दोघी शेजारी बसून जेवल्या ते, सर्व्हरवर पडून राहतं.

आता मोजायचं काय ते. तुकडा पाचच मिनिटांचा घ्या, भांडणाचा, आणि तो तीनदा बघा.

पहिल्या खेपेला आवाज बंद. प्रत्येक कटला एकानं टाळी द्यायची, दुसऱ्यानं वहीत रेघ मारायची. तिसऱ्यानं एवढंच टिपायचं की जो बोलतोय त्याचे ओठ आत्ता दिसतायत का नाही. दुसऱ्या खेपेला पडदा झाका, नुसता आवाज. पार्श्वसंगीत कधी सुरू झालं, कधी बदललं, कधी एकदम तुटलं, मिनिट-सेकंदासह. बहुतेक वेळा संगीत भांडणाच्या आधीच सुरू झालेलं सापडेल. कोणी तोंड उघडायच्या आत आपल्याला कळवून झालेलं असतं की आता वाजणार. तिसऱ्या खेपेला थांबवत थांबवत. यात रिॲक्शन शॉट पकडायचे. बोलणाऱ्यावरून कट होतो अन् डोळे वटारलेला, तोंड वाकडं केलेला चेहरा येतो. तो त्याच क्षणाचा असतोच असं नाही, दोन तासांपूर्वीचाही असू शकतो. कपडे तेच असले की खपून जातं. खुणा बघा : केस ओले का वाळलेले, कपात चहा किती, माइकची क्लिप डाव्या कॉलरला का उजव्या, बागेतली सावली कुठल्या अंगाला पडलीय, मागं कोण बसलंय. नजरेची दिशाही बघा. दोघं समोरासमोर असतील तर एकाची नजर पडद्याच्या डावीकडं, दुसऱ्याची उजवीकडं हवी. दोघंही डावीकडंच बघत असतील तर एक चेहरा उसना आणलेला असू शकतो. पण कॅमेरे भरपूर असले की हे साधंसुधंही घडतं, म्हणून दोन खुणा जुळल्याशिवाय फळ्यावर लिहू देऊ नका.

आता खरी गंमत. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेपटीला असतो, त्यामुळं मराठी वाक्य कापायला फार सोपं. "मी भांडायला गेलेच नव्हते." यातलं 'नव्हते' उडवा. राहिलं, "मी भांडायला गेलेच." अर्थ उलटा, आणि एकही शब्द बनावट नाही. किंवा, "तिला बाहेर काढावं असं मला वाटतं, असं ती सगळ्यांना सांगत फिरतेय." 'वाटतं'वर कात्री मारा, काम तमाम. इकडचे-तिकडचे तुकडे शिवून केलेल्या अशा बाइटला, म्हणजे बोलण्याच्या तुकड्याला, धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात.

पकडायचा कसा? साधं विधान संपताना आपला आवाज खाली उतरतो. कापलेल्या वाक्याचा उतरत नाही, लटकत राहतो, कारण माणसाला अजून पुढं बोलायचं होतं. दुसरं, जिथं शिवण असते तिथं बोलणाऱ्याचं तोंड दाखवत नाहीत. नेमका तेव्हाच दुसऱ्याचा चेहरा, पाठमोरा नाहीतर घराचा लांबचा शॉट येतो. तिसरं, मागची शांतता बदलते. एसीची घरघर अर्ध्या वाक्यात वेगळी होते, आणि ती झाकायला तिथंच संगीताचा ठोका टाकलेला असतो. म्हणून पहिल्या खेपेची ओठांची वही आणि दुसऱ्या खेपेची संगीताची वही शेजारी ठेवा. ओठ गायब अन् ठोका हजर असं जिथं जिथं होईल, तिथं थांबून ते वाक्य चार वेळा ऐका.

चुकायच्या जागा : यूट्यूबवरचे तुकडे घेऊ नका, ते भागातून पुन्हा कापलेले असतात, मग कोणाची कात्री मोजताय तेच कळत नाही. पूर्ण भाग ॲपवर लावा. लॅपटॉपच्या स्पीकरला ठोका ऐकू येत नाही, बाहेरचा स्पीकर जोडा. आणि कट जास्त म्हणजे लबाडी जास्त, असं समीकरण पोरं लगेच करतील, ते होऊ देऊ नका. क्रिकेटच्या सामन्यातही कट भरपूर असतात.

ग्रंथमित्र (परभणी)

'गेलेच नव्हते' हे लै भारी सापडलं, पाटीवर हेच वाक्य लिहून सुरुवात करतो. पोरांचा मोठा आरोप मात्र वोटिंगवर आहे. विजेता आधीच ठरलेला असतो, बाकी सगळा देखावा, असं.

कात्री_डिंक (छत्रपती संभाजीनगर)

मतांचे आकडे चॅनल सहसा जाहीर करत नाहीत. तेव्हा ठरलेला असतो हेही सिद्ध होत नाही आणि नसतो हेही नाही. पोरांना हे असंच सांगा.

पण मतपेटीला हात न लावता मत वळवता येतं, ते मोजता येतं. एका आठवड्याचे भाग घ्या, नॉमिनेट झालेल्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या यादीत आलेल्या, चार-पाच जणांची नावं लिहा, आणि प्रत्येकाला किती मिनिटं मिळाली, त्यातली किती मिनिटं तो स्वतः कॅमेऱ्याशी बोलत होता, हे स्टॉपवॉचवर काढा. काम वाटून घ्या, एका पोराला एक स्पर्धक. स्वतःची बाजू सांगायला मिळालेली मिनिटं अन् नुसतं मागं उभं राहून दिसलेली मिनिटं यांतला फरक बघितला की बरंच कळतं. जो दिसतच नाही त्याला मत कोण देणार? शिवाय या आठवड्यात कोणीच जाणार नाही, दोघं जाणार, नवीन माणूस मधूनच येणार, हे सगळं बनवणाऱ्यांच्या हातात असतं. २०२४ चं मराठी 'बिग बॉस'चं पाचवं पर्व तर ७० दिवसांतच आटोपलं, आधीची शंभर दिवसांच्या आसपास चाललेली. खेळाची लांबीच बदलता येते म्हटल्यावर बाकीचं काय.

निकालच ठरवून टाकल्याची गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. १९५० च्या दशकात 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेत काही स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात. चार्ल्स व्हॅन डोरेन हा त्यातला लाडका विजेता. १९५९ मध्ये त्यानं तिथल्या संसदेच्या समितीपुढं कबुली दिली, आणि १९६० मध्ये टीव्हीवरच्या ज्ञानस्पर्धेत अशी लबाडी करणं तिथं कायद्यानं गुन्हा ठरलं. गटाला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. फक्त ती प्रश्नमंजूषेची आहे, घरातल्या शोला जशीच्या तशी चिकटवू नका.

षड्ज_लातूर

गाण्याच्या शोचं सांगतो. लातूर म्हटलं की रोहित राऊत आलाच. २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'मधल्या शेवटच्या पाच जणांतला एक, पुढं 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पहिला उपविजेता. तेव्हा या शोमधून खरा गळा निघतच नाही असं पोरांनी म्हणू नये. गळा खराच असतो. सेटवरून आपल्या कानापर्यंत येईतो त्याला जे पाणी चढतं ते वेगळं.

सेटवर प्रत्येक माइक आणि वाद्य सुट्या ट्रॅकवर घेतात. मिक्सिंगला गळ्याचा ट्रॅक वेगळा काढून श्वासाचे फटके कमी करतात, बारीक-मोठा आवाज दाबून सारखा करतात, घसरलेले सूर जागेवर आणतात, वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवतात. सूर जागेवर आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे. मेलोडाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकेक सूर बोटानं उचलल्यासारखा वर-खाली ठेवता येतो. एखादी ओळ स्टुडिओत पुन्हा गाऊन घेणंही अशक्य नाही.

घरी तपासायची सोपी युक्ती : एकाच भागात एकाच गळ्याचे दोन नमुने शोधा. एक, पूर्ण वाद्यमेळासहचं गाणं. दुसरा, गाणं झाल्यावर परीक्षक म्हणतात "जरा नुसतं म्हणून दाखव", तेव्हाच्या दोन ओळी. या दोन ओळींवर सहसा फारशी कारागिरी केलेली नसते. दोन्ही लागोपाठ ऐकवा. श्वास कुठं ऐकू येतो, शब्दाचं शेवटचं अक्षर कुठं विरतं, हे पंचवीसच्या पंचवीस जणांना कळेल, संगीत शिकलेलं असो वा नसो.

पुढं जायचं असेल तर मोबाइलवर ट्यूनर ॲप घ्या, त्यात कोणता सूर लागलाय ते सुईवर दिसतं. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, सा ते कोमल रे हे अंतर १०० सेंटचं. माणसानं दोन-तीन सेकंद सूर धरला की चांगल्या गवयाची सुईसुद्धा थोडी इकडंतिकडं डोलते. ती खिळा ठोकल्यागत एकाच जागी बसली तर सूर ओढून बसवलाय असा संशय धरा. हे फक्त आलापावर नाहीतर ओवीवर करा, वाद्यं वाजत असताना सुई पेटीचा सूर दाखवते अन् पोरं भलताच निष्कर्ष काढून मोकळी होतात. मींड ऐका. सुरावरून सुरावर घसरत जायच्या ऐवजी पायऱ्या उतरल्यासारखं वाटलं तर तेही यंत्राचं काम. शास्त्रीय शिकलेल्या पोरांचं यात नुकसानच होतं. तोडी रागातला गंधार पेटीतल्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला असतो, यंत्राला पेटीचे बारा सूर शिकवलेले असले की ते त्याला 'दुरुस्त' करून वर आणतं. म्हणजे बरोबर गाणाऱ्याला चूक ठरवून सुधारलं.

ओठ आणि आवाज जुळतायत का बघायचं असेल तर सगळे शब्द बघू नका. प, ब, भ, म एवढ्याच अक्षरांवर डोळा ठेवा. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. 'म' ऐकू आला अन् ओठ उघडे, असं तीन-चारदा झालं तर आवाज दुसऱ्या वेळचा. मात्र ॲपवर कधी कधी पूर्ण भागाचाच आवाज मागं-पुढं होतो, म्हणून आधी सूत्रसंचालकाच्या बोलण्यावर तपासून घ्या.

माइक तोंडापासून लांब नेला तरी आवाज तेवढाच, ही खूण बरेच जण सांगतात. तिच्यावर भरवसा ठेवू नका, दाबून सारखा केलेला आवाजही तसाच लागतो.

परीक्षकांचं उठून उभं राहणं, प्रेक्षकांच्या टाळ्या, डोळे पुसणं याला कात्रीवाल्या भाऊंनी सांगितलेला रिॲक्शनचाच नियम लावा. आणि स्तुतीचं म्हणाल तर २०२१ मध्ये किशोरकुमारांचे चिरंजीव अमितकुमार यांनी 'इंडियन आयडॉल'च्या विशेष भागानंतर मुलाखतीत उघड सांगितलं होतं की सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगण्यात आलं होतं. त्यावर मोठी चर्चा झाली आणि शो मात्र पुढं जोरात चालला.

माळेगावची_जत्रा (लोहा)

खोटं माहीत असून का बघतात? सर, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत फडाच्या तंबूत जाऊन बसा. गण होतो, गवळण होते, बतावणी होते अन् मग वग. वगाचं कथानक अख्ख्या फडाला ठाऊक असतंय, पण जुन्या रीतीनं संवाद लिहिलेले नसतात. राजा कोण, प्रधान फितूर कधी होणार, एवढं ठरलेलं. बोलायचं ते उभ्या उभ्या, सुचेल तसं. समोर बसलेल्याला माहीत असतंय की हा राजा मघाशी तंबूमागं बिडी ओढत होता. तरी राजा हंबरडा फोडतो तेव्हा बाया पदर डोळ्याला लावतात. कात्रीवाले भाऊ 'परिस्थिती लिहिलेली, संवाद नाही' म्हणाले, तो वगच झाला की.

मजा कुठं असती? सोंग सुटायच्या क्षणात. सोंगाड्याला स्वतःच्याच कोटीवर हसू फुटलं की तंबू दणाणतो. घरातल्या शोला लोक त्याचीच वाट बघत बसतात. एवढे दिवस गोड बोलणारी बाई साखरेच्या डब्यावरून एकदम गावरान शिवी हासडते अन् घरोघरी आवाज येतो, "आत्ता खरी दिसली बघ!"

दुसरी मजा निवाड्याची. कोणाचं चुकलं हे सांगायला माणसाला कोण हौस. पण गावात निवाडा केला की भावकी तुटते, बांधावर तोंड दाखवायची चोरी होते. टीव्हीतल्या माणसाचा निवाडा फुकटात पडतो. मराठी 'बिग बॉस'च्या आठवड्याअखेरच्या भागाला एका टप्प्यात 'चावडी'च नाव होतं. पाचव्या पर्वात आपल्या लातूरचे रितेश देशमुख आले अन् तिचा 'भाऊचा धक्का' झाला. काम तेच, सगळ्यांना ओळीनं बसवून कोणाचं कुठं चुकलं ते सांगायचं.

पात्रंही फडासारखीच गोळा करतात. एक सोंगाड्या, एक मावशी, एक चिडका, एक गावाकडचा भोळा, एक 'मी तोंडावर बोलते' म्हणणारी, एक जोडी जमेल अशी दोघं. तुमच्या गटाला पहिल्याच आठवड्याचा भाग दाखवून कोण कोणत्या जागेवर बसतंय ते लिहायला सांगा. दोघांच्या नावापुढं एकच पात्र आलं तर त्यांचं आपसात वाजणार हे ओळखून घ्यायचं. जागा एकच असते ना.

आणि रोजच्या रोज शंभर दिवस घरात येणारा माणूस घरचाच वाटायला लागतो. ही एकतर्फी ओळख १९५६ सालीच डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी मांडून ठेवलीय, तेव्हा तर टीव्हीच नवा होता.

कोरडवाहू (बीड)

मराठवाड्याचा स्पर्धक आला की त्याची ओळख करून देणारी जी छोटी फिल्म लावतात, तिला ते लोक एव्ही म्हणतात, तिच्यावर वेगळी दहा मिनिटं द्या. भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, एसटीच्या खिडकीतून बघणारा पोरगा, शेतात वाकलेली माय. आपल्या पोरांना हे वाचायला कोणी शिकवायची गरज नाही, पिकं ओळखता येतात. मागं गुडघाभर हिरवं सोयाबीन असेल तर तो ऑगस्ट, तूर पिवळ्या फुलांवर असेल तर दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची बोंडं फुटलेली असतील तर दसऱ्याच्या पुढं. एका शॉटमध्ये हिरवं सोयाबीन अन् पुढच्यात तडकलेली भुई असली तर ती त्याच शेताची, त्याच दिवसांची असेलच असं नाही, तळ्याच्या आटलेल्या कडेचीही असू शकते. लातूरला मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे दाखवली तर साल विचारा, ती एप्रिल २०१६ ची गोष्ट.

दुसरी खूण दाराची. 'अचानक' निवड झाल्याची बातमी घेऊन माणसं दार वाजवतात, माय दार उघडते, आणि तिचा चेहरा आपल्याला घराच्या आतून दिसतो. कॅमेरा आधीच चुलीपाशी येऊन बसलेला, अन् माय म्हणती, "अगं बाई, तुम्ही कधी आलात!"

गरिबी खरी असती, दुष्काळही खरा असतो. राग त्याचा नाही. पण पुण्या-मुंबईच्या पोराच्या एव्हीत त्याचा रियाज दिसतो अन् आमच्या पोराच्या एव्हीत नुसती भेगाळलेली जमीन. गुरू कोण, किती वर्षं शिकला, हे दोन्हींत सेकंदांवर मोजा.

हिशेबी_ताई (धाराशिव)

माळेगावच्या दादांची वगाची उपमा पटली, पण एका जागी ती मोडते. राजाचं सोंग घेणारा सकाळी तोंड धुतो अन् राजाची बदनामी राजाकडं राहते. इथं पोरगी स्वतःच्या नावानं, गावाच्या नावानं उभी असते. 'भांडखोर' म्हणून कापली गेली तर तेच नाव घेऊन कॉलेजात परत येते. म्हणून त्या दोन आयांसाठी जरा सविस्तर लिहिते.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, पोर्टफोलिओ, 'पुढच्या फेरीची हमी', कशाच्याही नावानं कोणी पैसे मागितले की तिथंच थांबायचं. तारीख आणि ठिकाण चॅनलवर, नाहीतर त्यांच्या स्वतःच्या ॲपवर जाहीर झालंय का ते बघायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विश्वास नाही. ओटीपी, आधारचा फोटो, बँकेचे तपशील कोणाला पाठवायचे नाहीत. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावानं २५ लाखांची लॉटरी लागल्याचे खोटे संदेश वर्षानुवर्षं फिरतायत, हा त्यातलाच प्रकार. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

टीव्हीवर मोठ्या परीक्षकांसमोर दिसते ती पहिली फेरी नसते. त्याच्याआधी निर्मितीवाल्यांसमोर एक-दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, तिथं दोनेक मिनिटं मिळतात आणि रांग दिवसभराची. वयाचा दाखला, पाण्याची बाटली, डबा सोबत. वेगवेगळ्या ढंगाची तीन गाणी आपल्या पट्टीत बसवलेली, प्रत्येकाचं एकेक मिनिट साथीशिवाय तयार. मुखड्याच्या आधीचा लांबलचक आलाप घेऊ नये, आलापातच वेळ संपतो.

करार. अठराच्या आतल्या मुलीची सही चालत नाही, १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून पालकांना सही करायला लावतात. तेव्हा आईनं वाचलाच पाहिजे, आणि सेटवर घाईघाईत नाही. कागद घरी आणायचा, तालुक्याच्या वकिलाला दाखवायचा. बघायचं हे : शो संपल्यावर किती महिने दुसरीकडं गायला बंदी आहे, मध्येच सोडलं तर दंड किती, गायलेल्या गाण्यांवर हक्क कोणाचा, मुंबईत राहण्या-जाण्याचा खर्च कोण करणार, सोबत पालक राहू शकतो का, आणि 'कोणत्याही प्रकारे संपादित करून वापरता येईल' असं कलम आहे का. ते शेवटचं असतंच, ते काढून मिळणं अवघड. 'गेलेच नव्हते'चं 'गेलेच' करायचा परवाना तोच. पण आईला ते माहीत असलं तर पोरीला सांगता येईल की कॅमेऱ्यासमोर छोटी, पूर्ण वाक्यं बोल, नकार आधी घे. 'नाही, मी गेले नाही' हे कापायला 'मी गेलेच नव्हते'पेक्षा अवघड.

धाकटी भावंडं असतील तर हेही लक्षात ठेवा. चौदाच्या आतल्या बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिथं शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. ठेवीची पावती मागून घ्यायची.

बक्षिसावर कर असतो. २५ लाख जिंकले की ३० टक्के, म्हणजे साडेसात लाख, आधीच कापून हातात साडेसतरा. वर चार टक्के उपकर धरला की एकूण कर ७ लाख ८० हजार. यातून खर्चाची वजावट मिळत नाही. बऱ्याच घरांत सत्काराचा मांडव उतरल्यावर हे कळतं.

ग्रंथमित्र (परभणी)

ताई, नकार आधी घ्यायची युक्ती आयांआधी मीच पाठ केली. कार्यक्रम असा बसवतोय : आधी हिशोब, मग भांडणाची पाच मिनिटं तीन खेपांनी, मग गाण्याचे दोन नमुने, शेवटी एव्ही. ट्यूनरचं पुढच्या महिन्यावर ढकलतो, दीड तासात मावत नाही. पण आज ॲप लावून बघितलं तर लॅपटॉपवर चित्र दिसतंय अन् भिंतीवर नुसतं काळं. आवाज येतोय. प्रोजेक्टर जुना आहे, निळ्या तोंडाच्या केबलचा.

कात्री_डिंक (छत्रपती संभाजीनगर)

ती व्हीजीए केबल. ॲपची नक्कल-बंदी असते, जुन्या केबलवर ती चित्र जाऊ देत नाही. एचडीएमआयचा प्रोजेक्टर कोणाकडून मिळतो का बघा, मधे स्वस्तातला कन्व्हर्टर लावून भागेल असं धरू नका, बऱ्याचदा तोही काळाच येतो. नाहीच मिळाला तर कोणाच्या तरी घरचा स्मार्ट टीव्ही रविवारपुरता उचलून आणा. ४३ इंची असला तर पंचवीस पोरं तीन ओळींत बसतील. पुढच्या ओळीला ओठ बघायचं काम द्या, मागच्या ओळीला संगीत.